रेघेखालचं माझं नाही

ओम, सई,

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघं भांडत होतात ते मी मधे न बोलता ऐकून घेतलं. ओमच्या पक्ष्यांच्या वेबसाइटवर जाहिराती घ्यायच्या, तर कसल्या? सईचं म्हणणं, दुर्बिणी आणि पक्ष्यांचे दाणे एवढंच चालेल. पक्ष्यांच्या शेजारी विमा आणि बूट म्हणजे वेडेपणा. ओमचं म्हणणं, जाहिरात ती जाहिरात, ती कसली आहे याच्याशी आपल्याला काय करायचंय? मग दोघांनी मिळून विचारलं, "आजी, तुला काय वाटतं?" मी म्हटलं, "लिहून कळवते." तुम्ही हसलात. आजीला यातलं काय कळणार, असं ते हसू होतं.

मला यातलं थोडं कळतं, आणि ते एका माणसामुळे कळतं. आमच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायचे आणि ते भूगोल आणि गणित. त्यांना जाऊन या थंडीत दोन वर्षं होतील. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, कारण त्यांना ते कशावरच लिहिलेलं आवडत नसे, छत्रीवरसुद्धा नाही. शाळेत आणखी कितीतरी सर होते, पण रेवदंड्यात नुसतं 'सर' म्हटलं की तेच.

मला सगळं क्रमाने सांगायची सवय आहे. माझ्या मसाल्याच्या डब्यांवर चिठ्ठ्या असतात हे तुम्ही पाहिलं आहे. पण हा माणूस मला क्रमाने आठवत नाही. सगळ्यात आधी आठवते त्यांची कात्री.

शिक्षकांच्या खोलीत वर्तमानपत्र आलं की सर ते सगळ्यांच्या आधी घेत, खिशातून शिवणकामाची छोटी कात्री काढत आणि त्यातल्या सगळ्या जाहिराती कापून टाकत. मग वाचायला बसत. जाहिरातीच्या मागच्या बाजूची बातमीही अर्थात तिच्याबरोबर जायची. उरलेला अंक माझ्या हाती यायचा तेव्हा त्यातून समोर बसलेले चित्रकलेचे शिक्षक दिसायचे.

"सर, क्रिकेटचा निकाल कुठे गेला?"

"पंख्याच्या मागे होता, बाई. नाइलाज झाला."

त्या कापलेल्या जाहिराती ते फेकत नसत. एका लांबट वहीत चिकटवत आणि प्रत्येकीखाली हिरव्या शाईने लिहीत, की ही कुठल्या बातमीला लागून होती. वहीवर नाव होतं: 'शेजार'. मी ती एकदा मागून घेऊन वाचली आणि पोट धरून हसले. पाणीटंचाईच्या बातमीशेजारी धबधब्याची सहल. शाळेच्या निकालाशेजारी डोकेदुखीची गोळी. इमारत कोसळल्याच्या बातमीशेजारी सिमेंट. ही शेवटची वाचून मी हसायची थांबले. सर मात्र गंभीरपणे म्हणाले, "हे कोण लावतं, बाई? म्हणजे एक माणूस बसून लावतो, की आपोआप लागतं? मला हे कळून घ्यायचंय."

त्यांना खरोखरच कळून घ्यायचं असे. राग नव्हता त्यात. एखाद्याला किडे पाहायची आवड असते तशी त्यांना शेजारी-शेजारी ठेवलेल्या वस्तू पाहायची आवड होती. परीक्षेच्या वेळापत्रकाला लागून शिपायाने नेत्रशिबिराची सूचना लावली तर ते ती काढून दुसऱ्या भिंतीवर नेत. माझ्या वर्गात पर्जन्यमानाचा नकाशा टांगलेला त्यांना दिसला तर तो गुंडाळून घेऊन जात. आणि एकदा गणपतीत आमच्याकडे जेवायला आले असताना ताटाकडे बोट दाखवून मला म्हणाले, "हे बघा. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे. भाजी उजवीकडे. कोणी कायदा केला? पण उद्या तुम्ही लिंबाच्या जागी चावी ठेवलीत तर माझा हात जेवता जेवता थांबेल. शेजाऱ्याचं आणि जेवणाचं नातं पाहिजे."

तुमचे आजोबा म्हणाले, "सर, आधी वरण-भात घ्या, निवतोय."

आता दुसरी गोष्ट, म्हणजे फळा. जेट्टीवर, जिथे मासळी उतरते, तिथल्या पत्र्याच्या शेडला सरांनी शाळेतला एक जुना फळा आणून बांधला होता. रोज सकाळी ते खिशात डस्टर घालून तिथे जात. धक्क्याच्या खांबाला त्यांनी तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा एक बांबू बांधला होता. त्याच्यावर पाणी कुठवर आलंय ते बघत, कारण वर्षाचा छापील तक्ता मिळतो तो मुंबईचा, आणि आपल्या खाडीत पाणी थोडं मागाहून येतं. तेवढी दुरुस्ती करून ते फळ्यावर दोन भरतीच्या आणि दोन ओहोटीच्या वेळा लिहीत. मगच चहा पीत. रस्त्यात कोणी भेटलं तर 'नमस्कार' म्हणायच्या ऐवजी विचारत, "पाणी कुठवर?" आणि समोरचा माणूस खरोखर सांगे.

कोळणी त्यांची चेष्टा करायच्या. "सर, दर्या तुमचा फळा वाचून येतो काय वो?"

"तो वाचत नाही, म्हणून मला रोज पुसावा लागतो."

खरं म्हणजे आपल्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायला फळा लागत नाही. तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. चतुर्थी म्हणजे चार, चाराची पाऊणपट तीन, तर भरती तीनला. अष्टमीला सहा वाजता. आमच्या लहानपणी पाऊणकीचा पाढा याच्यासाठीच पाठ करून घेत. दर्यावर जाणारा माणूस चंद्रावर हिशेब करतो. पण पाऊणपट ही अंदाजाची गोष्ट आहे, आणि खाडीच्या तोंडाशी वाळूचा उंचवटा आहे. ओहोटीला त्याच्यावर गुडघाभरही पाणी नसतं. होडी आत आणायची तर अंदाज पुरत नाही. म्हणून फळा.

शीतपेयांच्या एका दुकानदाराने एकदा फळा फुकट रंगवून देतो म्हणून सांगितलं. वर फक्त त्याचं नाव. सर म्हणाले, "नको. इथे बर्फवाल्याने नाव लावावं, दोरवाल्याने लावावं. भरती बघायला आलेल्याला बर्फ लागतो. तुमचं गोड पाणी कशाला?" आणि खरंच बर्फाच्या कारखान्याची पाटी वीस वर्षं त्या फळ्याखाली होती.

वेबसाइट तुमच्या आईने केली. ओम, तू तेव्हा रांगत होतास आणि मे महिन्यात तुम्ही इथे आला होतात. सरांना पलीकडच्या साळावहून, समुद्रात गेलेल्या होड्यांवरून, सारखे फोन यायचे: "सर, पाणी कधी?" तुझ्या आईने तीन दुपारी बसून एक पान तयार केलं. पांढरं, साधं. वर तारीख आणि तिथी, खाली चार वेळा. सर फळा लिहून झाला की आमच्याकडे येत, माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसत आणि एका बोटाने त्या चार वेळा लिहीत. पानावरही त्यांनी नाव घालू दिलं नाही.

पाचसहा वर्षं हे तुझ्या आईच्या खर्चाने चाललं. मग सरांनीच एक दिवस विचारलं, "बाई, हे पान माझ्यामागे कोण चालवील? तुमची लेक किती दिवस चालवणार? मेहेरबानीवर चाललेली गोष्ट मेहेरबान माणसाबरोबर संपते. ते स्वतःच्या पायावर उभं पाहिजे." मी म्हटलं, त्याला जाहिराती घ्याव्या लागतील. ज्या माणसाने आयुष्यभर जाहिराती कापल्या त्याला हे बोलणं जड गेलं असेल असं मला वाटलं. पण ते म्हणाले, "घेऊ. निदान कोण लावतं ते तरी कळेल."

तुझ्या आईने तिकडून कुठल्याशा कंपनीची चौकट पानावर बसवली. दुसऱ्या सकाळी सर पान उघडून बसले आणि मी स्वयंपाकघरातून हाक ऐकली.

"बाई, लवकर या. ओहोटीच्या शेजारी केसगळती आलीय."

मी पाहिलं. खरंच, डोक्याला लावायचं तेल. दुपारी रमी. संध्याकाळी पनवेलजवळचे फ्लॅट. सरांनी 'शेजार'ची नवी वही सुरू केली. जाहिराती कापता येत नव्हत्या म्हणून ते त्यांची चित्रं काढत. मग त्यांनी कंपनीला पत्र पाठवायचं ठरवलं. मजकूर त्यांचा, इंग्रजी माझं. त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं: महाशय, आमच्या पानावर येणारा माणूस होडीत उभा असतो, त्याचा एक हात सुकाणूवर असतो, त्याला या घटकेला केस उगवायचे नाहीत. उत्तर आलं की तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. सरांनी ते चारदा वाचलं. "हे माणसाने लिहिलेलं नाही," ते म्हणाले, आणि या शोधाने त्यांना आनंदच झाला.

शेवटी तुझ्या आईने फोनवरून त्यांना दाखवलं, की कुठले विषय हवेत आणि कुठले नकोत ते आपण सांगू शकतो. सरांनी एकच विषय ठेवला: समुद्र आणि होड्या. दोन दिवसांत दोर आले, इंजिनं आली, अंगात घालायची तरंगती जाकिटं आली. सरांनी तृप्त होऊन मागे टेकून पाहिलं. "आता ताट जुळलं," ते म्हणाले.

सई, इथपर्यंत सर तुझ्या बाजूचे होते. मीसुद्धा होते.

रफीक आमच्या शाळेत शिकलेला. मग अठरा वर्षं कुवेतला होता, बंदरातल्या टगवर, म्हणजे मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटीवर. परत आला तो बचतीतून स्वतःची होडी बांधून घेऊनच. आईच्या नावाची हिरवी होडी. अठरा वर्षांत बंदरातल्या यंत्रावर वेळ बघायची सवय लागलेली, त्यामुळे इथला चंद्राचा हिशेब त्याला येत होता पण त्याच्यावर भरवसा राहिला नव्हता. भरवसा सरांवर. रोज मोबाइलवर सरांचं पान उघडून मगच तो नांगर उचलायचा.

त्या दिवशी संकष्टी होती. माझा उपास, म्हणून मासळीकडे फिरकायचं कारण नव्हतं. अलिबागला जायला मी रिक्षाची वाट पाहत होते. जेट्टीकडून आरडाओरडा ऐकू आला म्हणून गेले. खाडीच्या तोंडाशी, वाळूच्या उंचवट्यावर, रफीकची हिरवी होडी टेकली होती. सकाळचे आठ वाजून गेले असतील. पाणी तिच्याखालून निघून चाललं होतं आणि ती हळूहळू एका अंगावर कलत होती, म्हातारं जनावर बसतं तशी. सर फळ्याशी उभे होते, हातात डस्टर. फळ्यावर लिहिलेलं मला दिसत होतं: ओहोटी नऊ वाजता, भरती तीन वाजता.

रफीक आणि त्याचे दोन खलाशी छोट्या पगारातून, म्हणजे छोट्या होडीतून, काठाला आले. त्याच्या गुडघ्यापर्यंत चिखल होता. त्याची आई काठावरच होती. ती सरळ सरांकडे वळली.

"तुमच्या भरवशावर गेला तो, सर. फळी उकलली तर पोराची अठरा वर्सं पान्यात गेली."

"अम्मी, गप जरा," रफीक म्हणाला. मग सरांना म्हणाला, "सर, तुमच्या पानावर नऊची भरती होती. म्हणून साडेसातला शिरलो. टेकली तवा घाबरलो न्हाय. म्हटलं पाणी चढतंय, आता उचलंल. ते उतरत होतं."

"माझ्या पानावर?" सर म्हणाले. "दाखव."

त्याने ओल्या बोटांनी पान उघडलं. आम्ही तिघं त्याच्यावर वाकलो. वर तारीख, तिथी. आणि त्याच्याखाली, सरांच्या चार वेळांच्या वर, एक चौकट होती. पांढरी, साधी. तिच्यावर मराठीत लिहिलेलं: आजची भरती, इथे पाहा. रफीकने तिथे बोट लावलं होतं. उघडलं ते कुठलंसं दुसरंच ॲप होतं, आणि त्यात दाखवलेलं बंदर दुसऱ्याच कुठल्या किनाऱ्याचं. भरती नऊ वाजता. तिथली खरीच असेल.

दोर नव्हे, इंजिन नव्हे, भरतीच्या शेजारी भरतीच आली होती.

मी विचारलं, "अरे रफीक, आज संकष्टी. चतुर्थी. पाऊणपट तीन. तुला कळलं नाही?"

"कळलं ना, बाई. चांद मीबी मोजतो. माझ्या हिशेबात तीनचीच भरती होती. पण सरांच्या पानावर नऊ. म्हटलं, सर चुकायचे न्हायत. मीच चांद चुकलो."

हे वाक्य ऐकताना सरांचा चेहरा मी पाहिला. आईचं बोलणं त्यांनी सहन केलं होतं. हे झालं नाही. त्यांनी डस्टर खिशात घातलं, छत्री उचलली आणि छोट्या होडीवाल्याला म्हणाले, "मला त्याच्या होडीपाशी ने." पासष्टीच्या पुढचा माणूस, पायात शाळेचे काळे बूट. वाळूवर उतरून ते त्या कललेल्या होडीशेजारी उभे राहिले आणि पाणी परत येईपर्यंत हलले नाहीत. रफीकही जाऊन त्यांच्याशेजारी बसला. मी अलिबागला गेले नाही. काठावरून मला त्या छत्रीचा काळा ठिपका दिसत होता. दुपारी पाण्याने होडी उचलली. इंजिनाचा पंखा वाकला होता, तळाची एक फळी उकलली होती. रफीकचा पुढचा दीड महिना सुताराच्या दारात गेला, तोही ऐन हंगामात.

सगळे सरांना सांगत होते, तुमची काय चूक? रफीकसुद्धा सांगत होता. सर ऐकून घेत आणि विचारत, "विषय कोणी निवडला?" तिसऱ्या दिवशी ते 'शेजार'ची जुनी वही घेऊन आमच्याकडे आले आणि एक पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. इमारत कोसळल्याच्या बातमीशेजारी सिमेंट.

"हे माझ्याच वहीत होतं, बाई. मीच चिकटवलं. सिमेंट आणि इमारत यांचं नातं सगळ्यात जवळचं, आणि तोच सगळ्यात वाईट शेजार. मी नातं शोधत बसलो. परक्याला कोणी घरातला समजत नाही हो. जो घरच्यासारखा दिसतो त्याच्याच मागे माणूस जातो. केसांच्या तेलाने कुणाची होडी वाळूवर नेली नसती."

"मग जाहिराती काढूनच टाका," मी म्हटलं. मला तेव्हा तेच बरोबर वाटत होतं, आणि आजही मला अर्धं तसंच वाटतं.

"आणि माझ्यामागे पान बंद पडू दे? मग रफीक काय बघणार?"

"फळा आहे. चंद्र आहे."

"फळा मी लिहितो तोवर आहे. आणि चंद्रावरचा त्याचा विश्वास मीच घालवला." त्यांनी वही मिटली. "लेकीला फोन लावा. म्हणावं, पाणी, होडी, हवामान, चंद्र, मासळी, यातलं काही म्हणजे काही नको. बाकी दुनियेतलं काहीही चालेल. जितकं लांबचं तितकं बरं."

तुझ्या आईने तसं केलं. शिवाय चौकट वरून काढून अगदी तळाशी नेली. आणि सरांच्या सांगण्यावरून चार वेळांच्या खाली एक जाड काळी रेघ मारली, आणि रेघेवर लिहिलं: रेघेखालचं माझं नाही. एवढं एकच वाक्य सरांनी त्या पानावर स्वतःच्या वतीने लिहिलं.

दोरवाला रागावला. "सर, आमचे दोर वाईट काय?"

"तुझे दोर चांगले आहेत, म्हणूनच नकोत," सर म्हणाले. त्याला ते कळलं नाही, आणि ते त्याला समजावत बसले नाहीत. फळ्याखालची बर्फाची पाटीही त्यांनी काढून परत नेऊन दिली. तिथे मात्र त्यांनी जरा जास्त केलं असं माझं मत आहे. पाटीमुळे कोणी बर्फाला भरती समजलं नसतं. मी तसं म्हटलंही. ते म्हणाले, "बाई, मी आता ताटाकडे बघून बोलायचं सोडलंय."

नंतरचे महिने ते रोज सकाळी कुतूहलाने रेघेखाली काय आलंय ते बघत. गाद्या, परीक्षेचे वर्ग, सासूसाठी साड्या. "आज काय परकं आहे?" असं विचारत येत. पण एक बदल मला दिसायचा. पूर्वी ते वेळा लिहून निघून जात. आता रफीकला फोन करून आधी त्याचा हिशेब विचारत. "चंद्रावरून तुझं काय येतं?" त्याने सांगितलं की मग स्वतःचं सांगत. सुरुवातीला रफीकचं अर्ध्या तासाने चुकायचं. मग दहा मिनिटांनी. एका सकाळी सर आमच्या टेबलाशी बसून मोठ्याने हसले, कारण रफीकने फोनवर सांगितलं होतं, "सर, तुमचा बांबू एका अंगाला कललाय, पट्टी चुकीची दिसतेय. जाऊन बघा." गेले, तर खरंच कलला होता.

त्या दिवशी त्यांनी खिशातलं डस्टर रफीकला दिलं. तेव्हा ते आजारी नव्हते. नुसतं म्हणाले, "उद्यापासून तू लिही, मी तपासतो." तपासणं वर्षभर चाललं, मग तेही थांबलं.

तेव्हा ओम, सई, मी तुमच्या भांडणाचा निकाल देत नाही. तुमच्या पानावर येणारा माणूस कशावर उभा असतो आणि त्याचा दुसरा हात कुठे असतो, एवढं मात्र आधी बघा.

सरांचा बांबू धक्क्यावर आहे, रफीकने दोनदा रंगवलेला. 'शेजार'च्या चार वह्या माझ्या कपाटात आहेत, चिठ्ठी लावून. रफीकची हिरवी होडी समुद्रात जाते, तिची एक फळी रंगाने वेगळी आहे. रोज सकाळी तो फळा लिहून मला त्याचा फोटो पाठवतो आणि मी त्यावरच्या चारही वेळा पानावर चढवते. आज षष्ठी. भरती साडेचार, ओहोटी साडेदहा. खाली रेघ आहे, आणि रेघेखाली आज लहान मुलांच्या सायकली आहेत.